मोरीतला पांढरा थर आणि अ‍ॅसिडची बाटली



वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की सुरुवातीला बीपी, शुगर, पाळीच्या तक्रारी असे प्रश्न येतात. चहा झाला, बायका जरा मोकळ्या झाल्या की हमखास एकजण विचारते, "ताई, मोरीतले पांढरे डाग कशाने जातील?" मग सगळ्याच बोलू लागतात. कुणी तारेच्या घासणीने घासून बोटं सोलून घेतलेली असतात. कुणी टूथपेस्ट लावून पाहिलेली असते. आणि एखादी हळूच सांगते की कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणली होती, त्याने निघाले, पण दोन दिवस घसा धरला होता.

हा प्रश्न आरोग्याच्या पानावर कशाला, असं कुणाला वाटेल. पांढऱ्या डागाने कुणी आजारी पडत नाही, हे खरंच आहे. पण तो डाग काढायच्या नादात माणसं दवाखान्यात येतात, ती मी नोकरीत असताना पाहिली आहेत. म्हणून या वेळचं पान मोरीला.

हा थर येतो कुठून

पावसाचं पाणी मऊ असतं. ते जमिनीत मुरतं, मातीतून आणि खडकांतून झिरपत खाली जातं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम असे क्षार आपल्यात विरघळवून घेतं. खोल बोअरचं पाणी साधारणपणे खडकात जास्त काळ राहिलेलं असतं, म्हणून त्यात क्षारही जास्त. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. धरणाचं पाणी मात्र बहुतेक पावसाचंच साठलेलं असतं. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी ज्यांच्या नळाला येतं त्यांना हा त्रास कमी. ज्या वस्तीत बोअर नाहीतर टँकर, तिथे प्रत्येक बादलीला पांढरी कड. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांना तर पाण्याबद्दल मी काही वेगळं सांगायला नको.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक सोपी युक्ती आहे. अंगाच्या साबणाची चिमूटभर कीस पारदर्शक बाटलीत टाका, अर्धी बाटली पाणी भरा आणि जोरात हलवा. मऊ पाण्यात भरपूर फेस येतो. जड पाण्यात फेस थोडा आणि पाणी दुधासारखं गढूळ. कपड्यांची पावडर वापरून ही परीक्षा करू नका, तिचा फेस जड पाण्यातही येतो.

आता मुख्य गोष्ट. हे पाणी जिथे वाळतं तिथे पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हा मागे राहिलेला पांढरा थर म्हणजे बहुतांशी चुनखडी. पाणी तापवल्यावर तो आणखी लवकर बसतो, म्हणून पातेल्याच्या बुडाला आणि पाणी तापवायच्या रॉडवर जाड पापुद्रा धरतो. म्हणजे हा थर घाण नाही, घाम नाही, रोगजंतूंचा नाही. दगडाचा तो बारीक लेप आहे. साबण लावून दगड निघेल का? नाही निघणार. म्हणून साबण, डिटर्जंट, फिनाईल कितीही ओता, तो हलत नाही आणि बिचारीला वाटतं आपलंच घासणं कमी पडतंय.

पुष्कळ जणी विचारतात, या पाण्याने मुतखडा होतो का? जड पाण्यामुळेच मुतखडा होतो असं सिद्ध झालेलं नाही. दिवसभर पाणी कमी पिणं, हे त्याचं खूप मोठं कारण आहे. कामावर संडासाची सोय नाही म्हणून आपल्या बायका पाणी पिणं टाळतात, तो विषय वेगळा लिहावा लागेल.

आधी डाग ओळखा

दवाखान्यात रोग ओळखल्याशिवाय औषध देत नाहीत. मोरीतही तेच. सगळ्या डागांवर एकच बाटली ओतली की पैसाही जातो आणि हातही.

पांढरा, खरखरीत, नखाने खरवडला तर भुकटी होणारा डाग क्षारांचा. त्याला आंबट पदार्थ लागतो.

करडा, चिकट, बोटाला मेणासारखा लागणारा थर साबणाचा. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळाला की त्याचा न विरघळणारा चोथा होतो आणि तो मग्ग्याला, बादलीला, भिंतीच्या खालच्या भागाला चिकटतो. याच्यावर आधी आंबट लावून फारसा उपयोग नाही. अर्धी बादली गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकून त्याने घासा, चिकटपणा जाईल, पाण्याने धुऊन काढा. खाली पांढरं उरलं तर मग त्याचा उपाय. पुष्कळ मोऱ्यांमध्ये हे दोन्ही थर एकावर एक बसलेले असतात आणि क्रम उलटा झाल्यामुळेच माणूस दमतो.

तांबूस डाग लोखंडाचा, बोअरच्या पाण्यातला किंवा गंजलेल्या पाइपातला. तो ब्लीचिंग पावडरने जात नाही. लिंबूफुलाच्या पाण्याने दोन-तीनदा लावल्यावर फिका होतो.

काळे ठिपके बुरशीचे आणि हिरवट बुळबुळीत थर शेवाळाचा. हे दोन मात्र जिवंत आहेत, ओलावा मिळाला की वाढतात. दम्याच्या माणसाला बुरशीचा त्रास होतो, आणि शेवाळावर म्हाताऱ्या माणसाचा पाय सरकला की खुब्याचं हाड मोडतं. माझ्या लेखी मोरीतला सगळ्यात धोक्याचा डाग हा हिरवा, पांढरा नव्हे. पण पाहुण्यांना पांढरा दिसतो, म्हणून आपण त्याच्या मागे.

लिंबूफूल आणि अर्धा तास

पितळेची भांडी चिंचेने घासणाऱ्या आपल्या आज्यांना आंबटाची ताकद ठाऊक होती. चुनखडीचंही तसंच आहे. आंबट लागलं की ती विरघळते, बारीक बुडबुडे येतात. लिंबू, चिंच, व्हिनेगर सगळे चालतात, पण रोजच्या वापराला सगळ्यात परवडणारं म्हणजे किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. ढोकळ्यात घालतात तेच. लिंबं महाग असतात तेव्हा ती मोरीत पिळू नका, खाऊन घ्या.

अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल विरघळवा. हाताला चीर, जखम असेल तर झोंबेल, म्हणून रबरी हातमोजे घाला, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हातात बांधा. जुनं सुती कापड त्या पाण्यात भिजवून डागावर पसरवा आणि अर्धा तास तसंच ठेवा. कापड सुकायला लागलं तर पुन्हा भिजवा. मग साध्या ब्रशने घासा आणि भरपूर पाण्याने धुवा. थर वर्षानुवर्षांचा असेल तर एका दिवसात जाणार नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. दर वेळी एक पापुद्रा सुटेल. आपल्याकडे घाई फार आणि चूक तिथेच होते. एका मिनिटात निघावा म्हणून जोर वाढवतात, बाटली बदलतात. चुनखडीला जोर नको, ओलं राहून वेळ मिळायला हवा.

नळाला कापड गुंडाळता येत नसेल तर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत हे पाणी भरून ती नळाच्या तोंडावर चढवा आणि रबर लावून ठेवा. तोंडाला जाळी असेल तर ती फिरवून काढा आणि वाटीत भिजत घाला. पाण्याची धार बारीक झाली होती ती पुन्हा मोठी येईल. बादली, मग्गा रात्रभर भिजत ठेवले तरी चालतात.

पाणी तापवायच्या रॉडवर पांढरं कवच धरलं की पाणी तापायला वेळ लागतो आणि विजेचं बिल वाढतं. तो साफ करताना प्लग काढून हातात घ्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. रॉड पूर्ण गार होऊ द्या, मग फक्त पाण्यात बुडणारा भाग लिंबूफुलाच्या पाण्यात तासभर ठेवा. वायर जिथे जोडली आहे तो भाग कोरडाच राहिला पाहिजे. धुऊन, पुसून, वाळल्यावरच पुन्हा वापरा.

मोबाईलवर एक व्हिडिओ फिरतो, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचे, फसफसून फेस येतो, बघायला छान वाटतं. तो फेस म्हणजे आंबट आणि सोडा एकमेकांना संपवत असतात. फेस ओसरल्यावर खाली जवळजवळ खारट पाणीच उरतं. अपाय नाही, पण दोन्ही वस्तू वाया. तुरटीचंही तसंच. तुरटीने गढूळ पाणी निवळतं, जडपणा कमी होत नाही.

शहाबादीला आंबट लावू नका

हे जरा लक्ष देऊन वाचा, कारण आपल्या वस्तीतल्या अर्ध्याअधिक मोऱ्यांना शहाबादी फरशी आहे. शहाबादी, कडप्पा, कोटा हे तिन्ही चुनखडीचेच दगड. जो डाग आपण काढतोय त्याच जातीचे. म्हणजे डाग विरघळवणारं आंबट फरशीही विरघळवतं. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड राहिली की तिथे फिकट खरखरीत गोल उमटतो, तो पुन्हा कधी जात नाही. तो डाग नसतोच, दगडाची तेवढी कातडी गेलेली असते. मोझॅक टाईलमध्येही संगमरवराचे तुकडे आणि सिमेंट असतं, तिलाही हाच नियम.

फरशी एकदा अशी खरखरीत झाली की तिच्या बारीक खळग्यांत पाणी थांबतं, क्षार आणि साबण जास्त जोमाने बसतात. मग पुन्हा अ‍ॅसिड, आणखी खळगे. दर सहा महिन्यांनी अ‍ॅसिड टाकूनही मोरी पहिल्यापेक्षा काळी का दिसते, याचं उत्तर हेच.

शहाबादीवर लाकडी पट्टी किंवा प्लास्टिकच्या कार्डाने थर खरवडा, धुण्याच्या सोड्याचं गरम पाणी टाका आणि ताठ ब्रशने घासा. शंभर टक्के नितळ होणार नाही. होऊ नये. बुळबुळीत नसावी आणि पाणी साचू नये, एवढं झालं की ती मोरी स्वच्छ आहे.

लिंबूफूल चालतं ते चकचकीत ग्लेझच्या टाईल्सवर, चिनी मातीच्या भांड्यावर, प्लास्टिकवर आणि स्टीलवर. टाईल्सच्या सांध्यांत सिमेंट असतं, म्हणून तिथे फार वेळ ठेवू नका.

बाटलीवर काहीच लिहिलेलं नव्हतं

मी तालुक्याच्या रुग्णालयात नोकरीला होते तेव्हा एकदा भीमजयंतीच्या आठवड्यात, रात्री दहाच्या सुमाराला शेजारणींनी एका तरुण बाईला रिक्षातून आणलं. दुपारी तिने मोरी साफ केली होती. आधी अ‍ॅसिड टाकलं, डाग उरला म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर भुरभुरली. लहान मूल आत येऊ नये म्हणून दार लावून घेतलेलं. हिरवट वाफ आली, खोकला आला, ती बाहेर पडली. पाणी प्यायली, बरं वाटलं, स्वयंपाकही केला. रात्री श्वास घेता येईना. ऑक्सिजन, वाफारा, दोन दिवस भरती. वाचली. पण पुढे कित्येक महिने जिना चढताना तिला थांबावं लागायचं.

अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली सैनिकांवर सोडला होता तो हाच. फक्त दुकानातलं सुटं अ‍ॅसिडच नाही, संडास साफ करायच्या बाटलीतही हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. आणि आपलं गरीब लिंबूफूल, व्हिनेगर, तेही ब्लीचिंगबरोबर मिसळलं तर हाच वायू तयार होतो. म्हणून घरात एक नियम करा. आंबटाचा वार वेगळा, ब्लीचिंगचा वार वेगळा. मधे भरपूर पाणी. संडासाच्या भांड्यात ब्लीचिंग टाकण्याआधीही पाणी ओता, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिळूनही त्रासदायक वायू होतो.

त्या बाईने अ‍ॅसिड आणलं होतं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत. वर कागद नाही, इशारा नाही, काही नाही. तिने वाचायचं तरी काय? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लक्ष्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आदेश दिला, की अ‍ॅसिड विकणाऱ्याने खरेदीदाराचं फोटो ओळखपत्र पाहावं, नोंदवहीत लिहून ठेवावं आणि १८ वर्षांखालच्या मुलांना विकू नये. आपल्या वस्त्यांत मात्र दहा वर्षांच्या पोराला पैसे देऊन पाठवलं तरी बाटली मिळते. दुकानदाराला याचा जाब विचारायला महिला मंडळाने जायला हवं, एकटीने नव्हे.

आणि आपणही पोरांना असल्या कामाला पाठवू नये. घरात कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत अ‍ॅसिड, फिनाईल, रॉकेल भरून ठेवू नये. मूल बाटलीचा आकार ओळखतं, आतलं काय ते ओळखत नाही.

काही झालंच तर

वायूचा त्रास झाला तर सगळं तिथेच टाकून मोकळ्या हवेत या. पाणी ओतून मिश्रण धुवायला पुन्हा आत जाऊ नका. खोकला थांबत नसेल, छातीत जड वाटत असेल, धाप लागत असेल तर लगेच दवाखाना. आधी बरं वाटून काही तासांनी त्रास वाढू शकतो, म्हणून त्या रात्री माणसाला एकटं झोपवू नका.

डोळ्यात उडालं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून स्वच्छ पाण्याची धार वीस मिनिटं सोडा. वीस मिनिटं म्हणजे घड्याळात बघून, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही खूप वाटतात. मगच दवाखान्यात न्या. कातडीवर पडलं तर भिजलेले कपडे काढा आणि तितकाच वेळ पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट, तूप काहीही लावायचं नाही.

पोटात गेलं तर उलटी करवू नका. जाताना जाळलेलं अन्ननलिकेला येताना पुन्हा जाळतं. लिंबू किंवा सोड्याचं पाणी पाजू नका. तोंड धुवा, बाटली बरोबर घ्या आणि १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना बाटली दिसली की उपचार लवकर सुरू होतात.

संडासाचं भांडं आणि खालची टाकी

भांड्यातला पिवळट थर लघवीतल्या आणि पाण्यातल्या क्षारांचा. आधी साचलेलं पाणी ब्रशने ढकलून कमी करा, मग घट्ट केलेलं लिंबूफुलाचं पाणी कडेने लावून रात्रभर ठेवा. सकाळी निघालं नाही तर बाजारातली बाटली वापरा, पण एकटी, दार उघडं ठेवून, बाटलीवर लिहिली आहे तेवढीच.

घराखाली सेप्टिक टँक असेल तर अ‍ॅसिड, ब्लीचिंग, फिनाईल दर दोन दिवसांनी ओतू नका. टाकीतला मैला जिरवण्याचं काम जिवाणू करतात. ते मेले की टाकी लवकर भरते. ती भरली की कुणाला तरी बोलावलं जातं आणि तो कुणीतरी कोण असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. तरी टाक्यांमध्ये माणसं गुदमरून मरताहेत. टाकी उपसायची असेल तेव्हा नगरपालिकेची गाडीच बोलवा. शंभर-दोनशे वाचतील म्हणून कुणालाही आत उतरवू नका.

दुसऱ्यांच्या घरी बाथरूम घासणाऱ्या भगिनींसाठी

आपल्या वस्तीतल्या कितीतरी जणी रोज चार-पाच घरची बाथरूम घासतात. मालकीणबाई बाटली हातात देतात आणि म्हणतात, "हे टाक, लख्ख निघतं." रोज चार घरची वाफ छातीत जाते. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, तळहाताला भेगा, संध्याकाळी खोकला हे दुखणं घेऊन या बायका ओपीडीत येतात आणि कामाबद्दल कुणी विचारत नाही म्हणून सांगतही नाहीत. डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी बाथरूम साफ करायचं काम करते, अमुक वापरते."

हातमोजे मागायला लाजू नका. ज्या घरच्या कामाला ते लागतात त्या घराने ते द्यायला हवेत. कागद नसलेली बाटली वापरायला नाही म्हणा. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू करायला सांगा. आणि मालकीणबाईंना लिंबूफुलाचं सांगून पाहा. त्यांच्याही भारी टाईल्स वाचतील, म्हणून बहुतेक जणी ऐकतात.

घासण्यापेक्षा पुसणं

पाणी जिथे वाळतं तिथे थर बसतो, हे वर सांगितलं. मग पाणी वाळूच दिलं नाही तर? शेवटचा माणूस आंघोळ करून बाहेर येताना वायपरने भिंत आणि फरशी ओढेल आणि जुन्या लुंगीच्या फडक्याने नळ पुसेल, एवढंच करायचं. दोन मिनिटांचं काम. मी ज्या घरांना हे सांगितलं त्यांच्यापैकी ज्यांनी खरंच केलं, त्यांची महिन्याची घासाघीस जवळपास बंद झाली. नळ थेंब थेंब गळत असेल तर आधी त्याचा वायसर बदला. गळक्या नळाखालचा डाग घासत बसणं म्हणजे पावसात कपडे वाळत घालणं.

काळी बुरशी असेल तर आठवड्यातून एक वार ठरवून एक लिटर पाण्यात एक चमचा ब्लीचिंग पावडर कालवा, निवळू द्या, वरचं पाणी दहा मिनिटं लावा आणि धुऊन टाका. एकाच खोलीत मोरी असते तिथे आधी हंडे, भांडी, पिठाचा डबा बाहेर काढा, दार उघडा. त्याच दिवशी पाण्याची पिंपं पूर्ण रिकामी करून आतून घासा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने जात नाहीत. कडेवरचा पांढरा थर अंड्यांना धरून ठेवतो, तिथे मात्र तो काढणं आरोग्याचंच काम आहे. पिंपाला रात्री लिंबूफुलाचं पाणी फिरवा, सकाळी घासा, दोनदा धुवा, मग भरा.

रोज हात लागतात त्या जागा डोळ्यांना स्वच्छ दिसतात, म्हणून राहून जातात. संडासाची कडी, नळाची चावी, मग्ग्याचा कान. जुलाब पसरतात ते इथून. साबणाच्या पाण्याचं फडकं तिथून रोज फिरवा.

हे सगळं वाचून पुन्हा घरातल्या बाईच्याच डोक्यावर पडणार असेल तर मी हे पान लिहायला नको होतं. वायपर ओढायला कुणाचंही मनगट चालतं. आंघोळ सगळे करतात, मोरी एकटीच का घासते? मुलगा दहावीला आहे म्हणून त्याला सूट देऊ नका. मुलगीही दहावीला होती तेव्हा तिला नव्हती.

आणखी एक बोलते. आपल्या बायका स्वच्छतेच्या बाबतीत स्वतःला फार छळतात. पिढ्यानपिढ्या ज्यांना घाण म्हटलं गेलं त्यांच्या घरी पाहुणा येणार म्हटलं की हात आपोआप अ‍ॅसिडकडे जातो. ऑफिसातली मॅडम येणार, सोयरिकीची माणसं येणार, मोरीत एक डाग दिसता कामा नये. पांढरा डाग हा पाण्याचा गुण आहे, घरच्या बाईचा दोष नाही. कुणी बोललं तर त्यांना आपल्या नळाचं पाणी बाटलीत भरून द्या.

पाणी तपासून घ्या

वस्तीला बोअरचं पाणी येत असेल तर एकदा त्याची तपासणी करून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा असते, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्याही प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी केली की नमुना कसा घ्यायचा ते सांगतात. जडपणाबरोबर फ्लोराइड आणि नायट्रेटही तपासायला सांगा. पांढरा थर निदान दिसतो. फ्लोराइड दिसत नाही, चवीला कळत नाही आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांच्या पाण्यात ते जास्त सापडलेलं आहे. त्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आणि सांधे धरतात. अर्ज एका घराच्या नावाने न देता वस्तीच्या सह्यांनी द्या, पोच घ्या आणि अहवाल आला की त्याची एक प्रत विहाराच्या फलकावर लावा.